तिघेही पदवीधर व्हायला हवेत : फ्रीमन ह्राबोव्स्की आणि यूएमबीसीची तीस वर्षं

विद्यापीठ वाढलं, असं आपण कशावरून म्हणतो? पटसंख्या फुगली, नव्या इमारतींची उद्घाटनं झाली, अभ्यासक्रमांची यादी लांबली की आपलं समाधान होतं. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरिलँड, बाल्टिमोर काउंटी’ नावाचं एक सरकारी विद्यापीठ आहे. सगळे त्याला यूएमबीसी म्हणतात. नेहमीची मापं लावली तर त्याची वाढ बेताचीच निघते. १९९२ मध्ये तिथे सुमारे दहा हजार विद्यार्थी होते, २०२२ मध्ये चौदा हजारांच्या आसपास. पण याच तीस वर्षांत हे विद्यापीठ कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या जागेवरून अमेरिकेतल्या संशोधन विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत गेलं, आणि काळ्या विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञ म्हणून घडवण्याच्या बाबतीत देशातली मोठमोठी विद्यापीठं त्याच्याकडे शिकायला येऊ लागली.

या सगळ्या काळात अध्यक्षपदी एकच माणूस होता, फ्रीमन ह्राबोव्स्की. तिकडचा विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, अधिकार मात्र पुष्कळ जास्त. प्रवेश दिलेला विद्यार्थी मध्येच गळतो तेव्हा उत्तर विद्यापीठाने द्यायचं असतं, ही गोष्ट या माणसाने भाषणापुरती ठेवली नाही, रोजच्या कारभारात आणली. ती कशी आणली, तिला काय लागलं आणि ती कुठे कमी पडली, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

मोठ्यांच्या शेजारी

यूएमबीसीचे वर्ग सुरू झाले सप्टेंबर १९६६ मध्ये. बाल्टिमोर शहराच्या नैऋत्येला, केटन्सव्हिलजवळ, स्प्रिंग ग्रोव्ह या सरकारी मनोरुग्णालयाची जमीन मिळाली होती. पहिल्या वर्षी साडेसातशेच्या आसपास मुलं आली.

शेजार अवघड होता. शहरात जॉन्स हॉपकिन्स, जगभर नाव असलेलं खासगी विद्यापीठ. दक्षिणेला कॉलेज पार्क, म्हणजे राज्याचं मुख्य विद्यापीठ. शहरातच वैद्यक आणि कायद्याची मोठी विद्यालयं असलेलं राज्याचं आणखी एक विद्यापीठ. शिवाय मॉर्गन स्टेट आणि कॉपिन स्टेट ही पूर्वापार काळ्या विद्यार्थ्यांना शिकवत आलेली दोन विद्यापीठं. या सगळ्यांमध्ये यूएमबीसी म्हणजे गाडीने यायचं, तास करायचे आणि घरी जायचं, असं ठिकाण होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी आली आणि राज्य सरकारने उच्चशिक्षणाच्या पैशाला कात्री लावली. त्याच सुमारास यूएमबीसी आणि शहरातलं ते वैद्यक-विधी विद्यापीठ एकत्र करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. तो १९९२ मध्ये विधिमंडळात बारगळला. तेव्हाचे अध्यक्ष मायकेल हूकर त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सला गेले. खजिन्यात चणचण, विलीनीकरण फसलेलं, अध्यक्ष निघून गेलेले, अशा स्थितीत ह्राबोव्स्कींकडे आधी हंगामी सूत्रं आली आणि पुढे ती कायम झाली. ते तेव्हा बेचाळिशीत होते आणि पाच वर्षं याच विद्यापीठात आधी व्हाइस प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभाराचे उपप्रमुख, आणि मग कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून काम करत होते.

बर्मिंगहॅमचा मुलगा

ह्राबोव्स्कींचा जन्म १९५० चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. आई शिक्षिका. वडीलही शिक्षक होते, पण पोलाद कारखान्यात पैसे जास्त मिळतात म्हणून त्यांनी शाळा सोडली. आजोबा म्हणजे घराण्यात गुलामगिरीबाहेर जन्मलेले पहिले. काळ्यांच्या शाळेत गोऱ्यांच्या शाळांनी टाकून दिलेली पुस्तकं यायची, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे.

मे १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीत बर्मिंगहॅमची शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. ह्राबोव्स्की तेव्हा बारा वर्षांचे. गणिताची आवड असलेला, स्वतःच सांगतात त्याप्रमाणे मुळीच धीट नसलेला मुलगा मोर्चात चालला. शहराचा कुप्रसिद्ध पोलीसप्रमुख बुल कॉनर त्याच्या तोंडावर थुंकला आणि मुलाला पाच दिवस कोठडीत ठेवलं गेलं. तुम्ही आज करताय त्याचा उपयोग अजून न जन्मलेल्या मुलांना होईल, असं किंग यांनी त्या मुलांना सांगितलं होतं.

पुढे हॅम्प्टनमधून गणिताची पदवी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. मग इलिनॉय विद्यापीठातून एम.ए. आणि चोविसाव्या वर्षी पीएच.डी. इलिनॉयच्या गणिताच्या वर्गात ते बहुतेक वेळा एकटेच काळे असत. या दोन आठवणी, म्हणजे कोठडी आणि वर्गातलं एकटेपण, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहेत असं मला वाटतं. पहिल्या आठवणीतून समूहाची ताकद कळते, दुसरीतून समूह नसला की हुशार मुलाचंही काय होतं ते कळतं. काळ्या मुलांना शास्त्रज्ञ म्हणून घडवण्यासाठी यूएमबीसीत पुढे उभ्या राहिलेल्या मायरहॉफ या शिष्यवृत्ती कार्यक्रमाचा आराखडा वाचताना हे सारखं जाणवत राहतं.

प्रश्न नेमका काय होता

१९८७ मध्ये कॉपिन स्टेटमधून ह्राबोव्स्की यूएमबीसीत आले तेव्हा काळे विद्यार्थी वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करत होते. प्रशासनाने यावर सहिष्णुतेचं एखादं पत्रक काढणं सोपं होतं. ह्राबोव्स्की गणिती माणूस, त्यांनी निकाल काढून पाहिले. विज्ञान शाखेतल्या काळ्या विद्यार्थ्यांचे गुण वाईट होते. शाळेत चांगले गुण मिळवून आलेली मुलंही पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात आणि कॅल्क्युलसमध्ये आपटत होती आणि विज्ञान सोडून जात होती.

मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना गटागटाने बसवून बोलतं केलं. त्यातून एक साधी गोष्ट वर आली. ही मुलं एकटी अभ्यास करत होती. अडलं तर विचारायला जात नव्हती, कारण विचारणं म्हणजे आपण इथे बसण्याच्या लायकीचे नाही याची कबुली, असं त्यांना वाटे. वर्गात इतर मुलं गट करून गणितं सोडवत, जुन्या प्रश्नपत्रिका एकमेकांना देत. ही मुलं त्या गटांबाहेर होती.

गळती काळ्या मुलांपुरती नव्हती, हेही त्यांनी पुढे सतत सांगितलं. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने एक अहवाल दिला, त्या समितीचे अध्यक्ष ह्राबोव्स्की होते. विज्ञान-अभियांत्रिकीची पदवी घ्यायची म्हणून कॉलेजात आलेल्या काळ्या आणि लॅटिनो विद्यार्थ्यांपैकी पाच वर्षांत जेमतेम पाचातला एक ती पदवी घेत होता. पण गोऱ्यांतही हे प्रमाण तिघांत एकाच्याच आसपास होतं, आणि आशियाई वंशाच्या मुलांतही निम्म्याच्या खाली. म्हणजे शिकवण्याची रीतच गाळणीसारखी होती. अमेरिकेत पहिल्या दिवशी वर्गात सांगायची एक जुनी प्रथा आहे : उजवीकडे बघा, डावीकडे बघा, तिघांपैकी एक जण शेवटपर्यंत टिकणार नाही. प्राध्यापक हे अभिमानाने सांगत. ह्राबोव्स्की यूएमबीसीच्या नव्या मुलांना सांगू लागले की तुम्ही तिघेही पदवीधर झालं पाहिजे, आणि एखादा झाला नाही तर ते आमचं अपयश.

एकोणीस मुलं

बाल्टिमोरचे बांधकाम व्यावसायिक रॉबर्ट मायरहॉफ यांना काळ्या तरुण मुलग्यांसाठी काही करायचं होतं. टीव्हीवर ही मुलं दिसतात ती एक तर खेळाच्या मैदानावर, नाही तर हातात बेड्या घातलेली, हे त्यांना खुपत होतं. १९८८ मध्ये त्यांनी आणि पत्नी जेन यांनी सुमारे पाच लाख डॉलर दिले. १९८९ मध्ये पहिली तुकडी आली, एकोणीस काळे मुलगे. पुढच्या वर्षीपासून मुलींनाही प्रवेश मिळाला.

या कार्यक्रमाची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण सगळं यश तपशिलात आहे. तो ‘मागास’ मुलांसाठीचा जादा तास नव्हता. गणित-विज्ञानात उत्तम असलेली मुलं निवडायची आणि त्यांना पीएच.डी.पर्यंत न्यायचं, असा हेतू पहिल्या दिवसापासून उघड होता. पास होणं हे ध्येय कुणापुढे ठेवलंच नव्हतं. कीव आणि सूट, दोन्ही बाजूला ठेवून अपेक्षा वाढवली, याला मी या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय मानते.

कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात नवी तुकडी सहा आठवडे वसतिगृहात राहायला येते. कॅल्क्युलस आणि मानव्यविद्येचा एखादा विषय शिकते, परीक्षा देते. दिवस भल्या पहाटे सुरू होतो. मोबाइलवर बंधनं असतात. जेवायला, वर्गाला सगळ्यांनी मिळून जायचं, आणि एक जण उशिरा आला तर जाब सगळ्यांनी द्यायचा. शाळेत कायम पहिला आलेला मुलगा इथे पहिल्यांदा शिकतो की शेजारच्याचं गणित अडलेलं असताना आपण उठून जायचं नाही. पहिल्याच परीक्षेत काहींना आयुष्यातले सर्वांत कमी गुण पडतात, आणि ते कॉलेज सुरू होण्याआधी, सोबतीला माणसं असताना पडतात, हेच मोलाचं.

पुढची चार वर्षं शिष्यवृत्ती असते, ती टिकवायला गुण टिकवावे लागतात. एकत्र अभ्यास सक्तीचा म्हणावा इतका अंगवळणी पाडलेला. पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळेत खऱ्या संशोधनात काम. मार्गदर्शक शास्त्रज्ञ ठरलेले. आईवडिलांना वेळोवेळी बोलावणं. आणि एक नियमासारखा सल्ला : पायाच्या विषयात ‘सी’ आला तर पुढे जाऊ नकोस, तो विषय पुन्हा कर. आपल्याकडची एटीकेटी आठवा. विषय राहिला तरी मूल पुढच्या वर्गात जातं, कच्चं गणित बरोबर घेऊन जातं आणि तिसऱ्या वर्षी सगळं एकदम अंगावर येतं. यूएमबीसीने उलटा रस्ता धरला. पास झालेल्या मुलालाही थांबवून विचारलं, की हे तुला खरंच येतं का?

प्राध्यापकांमध्ये सुरुवातीला शंका होत्या. दर्जा खाली येईल, मुलांना बोट धरून चालवलं जाईल, असं काहींना वाटे. त्यांचं मन भाषणांनी वळलं नाही. मायकेल सम्मर्स हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, एचआयव्ही विषाणूच्या रचनेवर काम करणारे नावाजलेले संशोधक. त्यांनी या मुलांना आपल्या प्रयोगशाळेत घेतलं आणि पुढे ते कार्यक्रमाचे खंदे पाठीराखे झाले. शास्त्रज्ञ घडवायला शास्त्रज्ञच लागतो, समुपदेशक नेमून भागत नाही, हे ह्राबोव्स्कींचं आवडतं म्हणणं. सम्मर्स यांच्यासारखी माणसं मिळाली नसती तर ते म्हणणं कागदावरच राहिलं असतं.

निकाल मोजायची सवय पहिल्यापासून लावली होती, हे फार बरं झालं. प्रवेश मिळूनही यूएमबीसीला न येता दुसऱ्या, बऱ्याचदा जास्त नावाच्या विद्यापीठात गेलेली मुलं तुलनेसाठी घेतली गेली. गुणवत्ता सारखीच, वातावरण वेगळं. मायरहॉफमध्ये आलेली मुलं विज्ञानात पीएच.डी.कडे वळण्याचं प्रमाण त्या मुलांच्या सुमारे पाचपट निघालं. २०२२ पर्यंत या कार्यक्रमातून तीनशेहून अधिक पीएच.डी. झाले होते. मोडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनातल्या किझमेकिया कॉर्बेट या २००८ च्या पदवीधर, मायरहॉफच्या. अमेरिकेचे माजी सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी देशाशी बोलणारे प्रमुख सरकारी डॉक्टर, जेरोम अ‍ॅडम्स हेही मायरहॉफचेच.

न्यायालयाचा निकाल आणि दार उघडणं

१९९४ मध्ये शेजारच्या कॉलेज पार्कची, फक्त काळ्या विद्यार्थ्यांसाठी असलेली शिष्यवृत्ती संघीय अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. यूएमबीसीचा कार्यक्रमही त्याच राज्यात, त्याच धर्तीवर. १९९६ पासून तो सर्व वंशांच्या मुलांना खुला झाला. विज्ञानातली वांशिक दरी मिटवण्याविषयी आस्था, ही अपेक्षा कायम राहिली.

कार्यक्रमाचा आत्मा जाईल, ही भीती खोटी नव्हती. पण घडलं असं, की मिश्र तुकड्यांमध्येही एकत्र अभ्यासाची रीत टिकली आणि गोऱ्या, आशियाई मुलांनाही तिचा फायदा झाला. आणि यातूनच ह्राबोव्स्कींपुढे पुढचा प्रश्न उभा राहिला असणार : पन्नास-साठ निवडक मुलांना जे देतो, ते बाकीच्या हजारोंना का नाही?

रसायनशास्त्राची खोली

माझ्या मते यूएमबीसीच्या वाढीचा खरा कस इथे लागला. दात्याच्या पैशावर चाललेला एक सुंदर कार्यक्रम कुठल्याही विद्यापीठात असू शकतो आणि बाकीचं विद्यापीठ जसंच्या तसं राहू शकतं. यूएमबीसीने २००५ मध्ये पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राला हात घातला. हा विषय शेकडो मुलं एकाच मोठ्या सभागृहात बसून ऐकत आणि त्यातली पुष्कळ नापास होत. प्राध्यापक विल्यम लाकोर्स यांच्या पुढाकाराने ‘केमिस्ट्री डिस्कव्हरी सेंटर’ उभं राहिलं.

खोली मोठी, टेबलं छोटी, प्रत्येक टेबलाशी चार जण. एकाने काम पुढे न्यायचं, एकाने नोंदी ठेवायच्या, एकाने माहिती शोधायची, एकाने उत्तर मांडायचं. भूमिका बदलत राहतात, त्यामुळे गप्प बसून सुटका नाही. शिकवणारा टेबलांमधून फिरतो, उत्तर सांगत नाही, उलट प्रश्न विचारतो. हजेरी सक्तीची. यातून पास होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि रसायनशास्त्र मुख्य विषय म्हणून निवडणारेही वाढले. मला या दुसऱ्या गोष्टीचं अप्रूप जास्त आहे. निकाल तर पेपर सोपा काढूनही वाढवता येतो. ज्या विषयाने मुलं घाबरून पळत, तोच विषय ती आपण होऊन घेऊ लागली, हे सोप्या पेपराने होत नाही.

मायरहॉफच्या साच्यावर पुढे कलाकारांसाठी, मानव्यविद्यांसाठी, शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी कार्यक्रम निघाले. तंत्रज्ञानातल्या मुलींसाठीचं केंद्र १९९८ मध्ये सुरू झालं.

बुद्धिबळ, नासा आणि एक रात्र

अमेरिकेत विद्यापीठाचं नाव लोकांच्या तोंडी येतं ते अमेरिकन फुटबॉलमुळे. यूएमबीसीत त्याचा संघ नाही. संगणकशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅलन शर्मन यांनी बुद्धिबळाचा संघ बांधला, त्याला शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि ग्रँडमास्टर दर्जाची मुलं येऊ लागली. आंतरविद्यापीठ विजेतेपदं अनेकदा यूएमबीसीकडे आली. बुद्धिबळपटूंचं कौतुक व्हायचं ते खेळाडूंना शोभेल अशा थाटात. कुणाला डोक्यावर घ्यायचं, हे ठरवणं अध्यक्षाच्या हातात असतं, आणि ह्राबोव्स्कींनी ती ताकद नीट वापरली.

नासाच्या गॉडर्ड केंद्राबरोबर १९९५ मध्ये पृथ्वीविज्ञानाचं संयुक्त केंद्र झालं. जवळच फोर्ट मीड, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचं ठाणं, त्यामुळे सायबर सुरक्षेत जम बसला. आवारालगत संशोधन उद्यान उभं राहिलं. कला, जीवशास्त्र यांच्या नव्या इमारती झाल्या. २०२२ मध्ये कार्नेगी वर्गवारीत सर्वोच्च संशोधन श्रेणी मिळाली. माहिती तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गांत भारतीय मुलं मोठ्या संख्येने दिसू लागली. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या कित्येक घरांत यूएमबीसी हे नाव एम.एस.च्या अर्जांच्या यादीतून पोचलं, आणि अध्यक्षांविषयी त्या घरांत फारसं कुणाला माहीत नसतं.

बाकी अमेरिकेला हे नाव कळलं १६ मार्च २०१८ च्या रात्री. राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत सोळावं मानांकन असलेल्या संघाने पहिल्या मानांकिताला पुरुषांच्या स्पर्धेत तोवर कधीच हरवलं नव्हतं, सलग १३५ सामन्यांत. यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. तीस वर्षांच्या कामापेक्षा चाळीस मिनिटांच्या खेळाने जास्त लोक वळून बघतात, हे कष्टी करणारं आहे खरं, पण ह्राबोव्स्कींनी त्या आठवड्यातल्या प्रत्येक मुलाखतीत खेळाडूंच्या अभ्यासाविषयी बोलण्याची संधी घेतली.

तीस वर्षं आणि पाच वर्षं

वाचताना सारखं आपल्याकडचं मनात येतं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची, किंवा वयाची पासष्टी होईपर्यंत, आणि पुन्हा नेमणूक नाही. मक्तेदारी होऊ नये हा त्यामागचा विचार मला पटतो. पण मायरहॉफची पहिली तुकडी १९८९ ला आली, चार वर्षांनी पदवीधर झाली आणि त्यातल्या मुलांच्या पीएच.डी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हाती आल्या. रसायनशास्त्राची खोली २००५ ला उभी राहिली, म्हणजे ह्राबोव्स्की अध्यक्ष झाल्यानंतर तेरा वर्षांनी. पाच वर्षांच्या मुदतीत यातलं एकही फळ पेरणाऱ्याच्या हयातीत, म्हणजे पदावरच्या हयातीत, दिसलं नसतं. मुदत वाढवावी, असं मी लगेच म्हणणार नाही. कुलगुरू बदलला तरी निकालांची मोजणी आणि त्यावर आधारलेला कार्यक्रम चालू राहील, अशी काही सोय आपल्या कायद्यात कुठे आहे, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही.

जिथे ऐकलं गेलं नाही

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर अभ्यास आरती होईल.

२०१८ च्या शरद ऋतूत दोन तरुणींनी संघीय न्यायालयात दावा दाखल केला. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठाने, पोलिसांनी आणि सरकारी वकिलांनी नीट हाताळल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यार्थ्यांनी आवारात निदर्शनं केली. त्यानंतर तक्रारींच्या व्यवस्थेत बदल करण्याची पावलं उचलली गेली.

त्याहून गंभीर गोष्ट ह्राबोव्स्की निवृत्त झाल्यावर पुढे आली. पोहण्याच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने मुलग्यांचा लैंगिक छळ केला आणि २०१५ ते २०२० या काळात विद्यापीठाने तो रोखण्यासाठी करायला हवं ते केलं नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये काढला. विद्यापीठाने चाळीस लाख डॉलरहून अधिक रकमेचा समझोता मान्य केला.

ही सगळी वर्षं ह्राबोव्स्कींच्या कारकिर्दीतली. प्रत्येक मुलाच्या गुणांची नोंद ठेवणाऱ्या, कुणाला कुठल्या विषयात ‘सी’ पडला हे ठाऊक असणाऱ्या विद्यापीठाला त्याच मुलांचं पोहण्याच्या तलावावर काय होतंय ते कळलं नाही, किंवा कळूनही वर पोचलं नाही. हे वाचून मला फार त्रास झाला. माझं निदान असं, की अभ्यासात जी जबाबदारी विद्यापीठाने आपल्या अंगावर घेतली होती, ती सुरक्षेच्या बाबतीत विद्यार्थ्यावरच ठेवली गेली. तक्रार त्याने करायची, पुरावा त्याने द्यायचा, पाठपुरावा त्याने करायचा. १९८७ मध्ये मुलं वर्गात प्रश्न का विचारत नाहीत, हे शोधायला ज्यांनी गटागटाने बैठका घेतल्या, त्याच पद्धतीने मुलं तक्रार का करत नाहीत, हे शोधलं गेलं नाही. आणि जिथे अध्यक्ष देशभर गाजलेला, लोकप्रिय असतो, तिथे संस्थेविषयी वाईट बोलणं आणखी जड जातं, हेही धरायला हवं.

माणूस की व्यवस्था

२०२२ मध्ये ह्राबोव्स्की निवृत्त झाले. त्यांच्या जागी व्हॅलरी शीअर्स अ‍ॅश्बी आल्या, यूएमबीसीच्या पहिल्या महिला अध्यक्ष. हॉवर्ड ह्यूजेस वैद्यकीय संस्थेने तरुण शास्त्रज्ञांसाठी दीड अब्ज डॉलरची योजना ह्राबोव्स्कींच्या नावाने जाहीर केली.

हे सगळं एका विलक्षण माणसाचं काम होतं का, असा प्रश्न या विद्यापीठाविषयी नेहमी विचारला जातो. त्याला बऱ्यापैकी ठोस उत्तर मिळालं आहे. पेन स्टेटने २०१३ मध्ये आणि चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानेही त्याच सुमारास मायरहॉफचा आराखडा उचलला. उन्हाळी आठवडे, एकत्र अभ्यास, संशोधन, कडक अपेक्षा, सगळं जसंच्या तसं. यूएमबीसीची माणसं तिकडे जात होती, तिकडची इकडे येऊन पाहत होती. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या प्रयोगाचे सुरुवातीचे निकाल आले. तिन्ही ठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलेला तो लेख आहे, त्यामुळे त्रयस्थांची तपासणी म्हणून त्याकडे पाहता येणार नाही. पण आकडे स्पष्ट होते : दोन्ही विद्यापीठांतल्या पहिल्या तुकड्यांमध्ये विज्ञानात टिकून राहण्याचं प्रमाण आणि गुण यूएमबीसीशी मिळतेजुळते होते. पूर्ण शिष्यवृत्तीला पैसा लागला, पूर्णवेळ माणसं नेमावी लागली, वरिष्ठ प्रशासनाला पाठीशी उभं राहावं लागलं. ह्राबोव्स्की मात्र त्या दोन्ही ठिकाणी नव्हते.